शून्याची बाटली

प्रयोगशाळेत ताईंना मान होता तो पदव्यांमुळे नव्हे, लघवीमुळे. असं कोणी त्यांच्या तोंडावर म्हटलं नसतं, पण खोटं म्हणून कोणी फेटाळलंही नसतं. ताईंना स्वतःलाही ते पुरतं ठाऊक होतं, आणि मनातल्या मनात त्या त्या मानावर जरा फुगतही असत.

गोष्ट अशी, की शेजारच्या कारखान्यात युरेनियमची पूड होत असे. तिथले बेचाळीस जण महिन्यातून एकदा आपापली बाटली भरून प्रयोगशाळेच्या खिडकीवर आणून ठेवत. बाटलीतला थेंबभर माल आम्लाच्या पाण्यात वीसपट पातळ करायचा आणि मशीनच्या नळीला लावायचा. मशीन त्याचा फवारा करून तो एका ज्योतीत सोडी. ती ज्योत अशी कडक, की तिथं सगळ्या पदार्थांचे अणू सुटे व्हायचे. मग ते अणू वजनावर निवडायचे आणि दोनशे अडतीस वजनाचे तेवढे मोजायचे. मशीनचं खरं नाव मास स्पेक्ट्रोमीटर, पण दिवसातून पन्नास वेळा एवढं लांबलचक नाव घ्यायला कोणाची जीभ रिकामी पडली होती? सगळे ‘मशीन’च म्हणत.

मोजायचं तर पट्टी हवी, आणि पट्टीला शून्य हवं. साध्या पाण्याचं शून्य इथं चालत नाही, कारण लघवीतल्या क्षारांनी मशीनची मोजणी मंदावते. म्हणून ज्याच्या अंगात युरेनियम नावालाही नाही अशा माणसाची लघवी घ्यायची. तिच्यात मापून युरेनियम टाकून एक, पाच, दहा अशा खुणा करायच्या. आणि जिच्यात काहीच टाकलं नाही ती शून्याची बाटली. तिच्यात मशीनला जे काही दिसेल ते बेचाळीस जणांच्या आकड्यातून वजा.

कागदावर असे दाते तीन होते, आळीपाळीनं द्यायचे. पण पहिल्याला मुतखडा झाला आणि तो औषधांवर गेला. दुसरा कचेरीतला कारकून. “उगाच माझ्यात काही निघालं म्हणजे? मी आहे तसा सुखी आहे,” म्हणून त्यानं हात वर केले. उरल्या ताई. चार वर्षं सगळ्या कारखान्याचं शून्य त्या एकट्या पुरवत होत्या. मशीनवरचे काका कौतुकानं म्हणत, “आमच्या ताई म्हणजे धुतलेली काच.” ताई “पुरे हो” म्हणत. पण ते ‘पुरे’ पुरे व्हावं असं त्यांना कधी वाटलं नाही.

ताई दहा दिवस रजेवर होत्या. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. सोमवारी सकाळी त्या परतल्या तेव्हा काका एप्रन न घालताच मशीनपाशी उभे होते. त्यांची निवृत्ती चौदा महिन्यांवर आली होती. डावा हात अलीकडे जरा थरथरायचा, म्हणून ते तो खिशात ठेवत आणि सगळं काम उजव्या हातानं करत. त्यांना मशीनवरून उचलून फायलींच्या खोलीत बसवावं असा मोठ्या मॅडमचा विचार होता, आणि तो विचार शिपायापासून सगळ्यांना माहीत होता.

“आलात ताई? आईचे डोळे?”

“उत्तम. पट्टी काढल्यावर पहिलं वाक्य काय, तर तू एवढी जाड कधी झालीस.”

काका हसले, पण अर्धेच. त्यांनी हातातला कागद पुढे केला. “माझ्या हातून घोळ झालाय. तुमची ताजी बाटली संपली होती. म्हणून फ्रीजरमधली काढली, दीड वर्षापूर्वीची. तुमचीच. लेबलावर तुमचंच अक्षर. तिचं शून्य धरलं आणि सगळ्यांचे आकडे दोन-दोननी वर चढले.”

“सगळ्यांचे?”

“एकूण एक. कोठीतला तो जाड्या नाही का, पुडीच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही, तो दर महिन्याला उणे दोनवर असतो. तो शून्यावर आला.”

इथं एक गोष्ट सांगायला हवी. माणसाच्या अंगात उणे दोन युरेनियम असू शकत नाही, हे कोणालाही कळेल. पण शून्याखालचा आकडा आला की छापील चिठ्ठीवर ‘आढळलं नाही’ एवढंच उमटे, आणि उणे दोन राही मशीनच्या पोटात. काकांनी सात-आठ महिन्यांपूर्वी ते दाखवलं होतं. “जुनी नळी आहे, तिची खोड,” असं ताई म्हणाल्या होत्या. ताई म्हणाल्या म्हटल्यावर ती नळीचीच खोड ठरली. तपासायला मुद्दाम केलेल्या बाटल्याही बरोबर येत होत्या. येणारच, त्या ताईंच्याच लघवीत युरेनियम टाकून केलेल्या. घरच्या वजनानं घरचाच माल तोलावा तसं ते होतं.

“आणि गिरणीवाला?” ताईंनी विचारलं.

“पाच पॉइंट सहा.”

गिरणीवाला म्हणजे पूड करायच्या खोलीतला माणूस. “पीठ सोडून सगळं दळतो,” असं तोच सांगायचा, म्हणून हे नाव. लिटरला पाच मायक्रोग्रॅमच्या वर आकडा गेला की माणसाला त्या खोलीतून बाहेर काढायचं आणि डॉक्टरकडे पाठवायचं, असा नियम होता. चार महिन्यांपूर्वी त्यानं आपणहून बदली मागितली होती. अंगात त्राण नाही, पाय सुजतात, म्हणाला. डॉक्टरांनी चिठ्ठी पाहिली. साडेतीन. पाचच्या आत. बदली नाही. तो खिडकीवर येऊन ताईंना म्हणाला होता, “बघा ना जरा परत.” आणि ताईंनी त्याला समजावलं होतं, “अहो, मशीनला तुमच्याशी काय वैर? जे आहे ते दाखवतं.”

“मॅडम म्हणाल्या, जुनी बाटली नासली असणार,” काका सांगत होते. “गोठलेल्या लघवीत गाळ बसतो. असेल-नसेल ते गाळात जातं आणि वरचं खोटं कोरं दिसतं. त्या शून्यावर काढलेले आकडे फुगणारच. मला चूक कबूल करायचा फॉर्म भरायला सांगितलाय. मीही म्हटलं, असेल. तुमच्या ताज्या बाटलीवर भरवसा ठेवायचा नाही तर कोणावर ठेवायचा?”

ताईंना त्याच क्षणी कळलं. हळूहळू वगैरे नाही, एकदम. आठ महिन्यांपूर्वी त्या नव्या घरात राहायला गेल्या होत्या. जुन्या घरी नळाचं पाणी होतं. नव्या घराच्या अंगणात विहीर होती, खोल, खडकातली, आणि नवरा तिचं वर्णन पाहुण्यांपुढे असं करायचा की जणू ती त्यानंच पाडली. अशा खडकातलं युरेनियम पाण्यात उतरतं, हे ताईंना पाठ होतं.

शिवाय एक फॉर्म होता. दर तीन महिन्यांनी दात्यानं भरायचा. ‘राहतं घर बदललं आहे का? पिण्याचं पाणी बदललं आहे का?’ घर बदलल्यावर तो पहिल्यांदा समोर आला तेव्हा ताईंचं पेन पाण्याच्या रकान्यापाशी क्षणभर थांबलं होतं, हे त्यांना आता लख्ख आठवलं. ‘हो’ लिहिलं असतं तर तीन आठवडे तपासण्या, नवा दाता शोधणं, मॅडमच्या कपाळावरच्या आठ्या. आणि चार वर्षांचं शून्यपद गेलं असतं ते वेगळंच. त्यांनी मागच्या फॉर्मवरून ‘नाही, नाही’ उतरवलं. त्याच्या पुढच्या वेळी पेन थांबलंसुद्धा नाही.

“काय ताई, जुनीच बाटली ना?” काकांनी विचारलं.

“असेल,” ताई म्हणाल्या. “दीड वर्ष म्हणजे फार झालं.”

संध्याकाळी घरी जाताना ताईंनी दुकानातून पाण्याचे दोन मोठे कॅन उचलले. स्वयंपाकघरात ठेवताना हाताला वळ उठले होते.

“हे काय?” नवरा म्हणाला. “घरात विहीर आणि पाणी विकतचं?”

“आजपासून विहिरीचं पाणी कोणी प्यायचं नाही. स्वयंपाकालाही नाही.”

“अगं, त्या पाण्यानं माझे गुडघे सुधारले,” सासूबाई आतून म्हणाल्या. “आठ महिन्यांत एकदा तरी कण्हले का मी?”

“आई, रोज कण्हता. आम्हाला सवय झाली म्हणून ऐकू येत नाही,” नवरा म्हणाला. मग ताईंचा चेहरा बघून त्यानं थट्टा आवरली. “काय झालंय नक्की?”

“संशय आहे. पाण्यात काहीतरी असावं.”

“तपासलंस?”

“अजून नाही. पण संशय आला की थांबायचं असतं.”

हे वाक्य त्यांनी मोठ्या अधिकारानं म्हटलं. मुलगी शाळेची बाटली घेऊन आली. ताईंनी ती तिच्या हातातून घेतली, मोरीत ओतली, दोनदा विसळली आणि कॅनच्या पाण्यानं भरून दिली. मग माठ रिकामा केला, पातेल्यातलं उकळलेलं पाणी फेकलं, सासूबाईंच्या उशापाशी झाकून ठेवलेला तांब्या शोधून काढला. साडेसातच्या आत घरात विहिरीचा थेंब उरला नव्हता. त्याच वेळी कारखान्यात दोन ते दहाची पाळी चालू होती आणि गिरणीवाला आत दळत होता. ताईंच्या हे मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि त्यांनी ते ‘आधी खात्री करू’ या शब्दांखाली झाकून ठेवलं.

मंगळवारी त्या सगळ्यांच्या आधी पोचल्या. फ्रीजरमधल्या जुन्या बाटलीत आम्ल घालून ती गदागदा हलवली. गाळ असेल तर विरघळावा म्हणून. घरून विहिरीचं पाणी आणलं होतं, आणि पहाटेची स्वतःची ताजी बाटली. तिन्ही लावून त्या पडद्यासमोर बसल्या. साध्या आम्लाच्या पाण्यापुढे जुनी बाटली कोरी निघाली, गाळाबिळासकट. ताजी बाटली, दोन पॉइंट एक. विहीर, दोनशे चाळीस.

दोन्ही बाटल्यांवर नाव एकच होतं. अक्षरही तेच. फरक फक्त पत्त्याचा.

आता अकरा वाजले होते. गिरणीवाल्याची पाळी दोनला सुरू व्हायची. मधे तीन तास. एक फोन करायला दोन मिनिटं लागतात. पण अपराधी माणूस कामसू होतो, आणि ताई तर मुळातच कामसू. त्यांनी ठरवलं, एकदा परत लावून बघू. परतही तेच आलं. मग ठरवलं, मॅडमना सांगायचं तर तक्ता हवा. बेचाळीस माणसं, आठ महिने, तीनशे छत्तीस आकडे. ताईंच्या अंगात पाणी भिनायला वेळ लागला असेल, तेव्हा पहिल्या महिन्याला दोन मिळवायचे की एक? यावर त्यांनी पाऊण तास घातला. तक्ता फारच सुबक झाला. पाचच्या वर जाणारा माणूस त्यात एकच निघाला, पण तो सलग सात महिने गेला होता. तेवढ्यात मॅडम बैठकीला गेल्या. दोन वाजायला दहा मिनिटं कमी असताना खिडकीतून ताईंना गिरणीवाला फाटकातून आत जाताना दिसला. चार पावलं चालून तो थांबला, वाकून बुटाची नाडी सैल केली आणि पुन्हा चालू लागला.

तीनला काका फॉर्म घेऊन आले.

“ताई, तुमची भाषा चांगली आहे. इथं कारण लिहायचंय. ‘निष्काळजीपणा’ लिहू की ‘नजरचूक’?”

खरं तर सांगायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. खोलीत दोघंच होते. ताईंच्या ड्रॉवरमध्ये तक्ता होता. ताईंनी फॉर्म हातात घेतला, वाचला आणि म्हणाल्या, “नजरचूक लिहा. सौम्य आहे.”

“आणि ‘यापुढे काळजी घेईन’ लिहू ना?”

“लिहा.”

काकांनी उजव्या हातानं सावकाश लिहिलं. डावा खिशात होता. जाताना ते म्हणाले, “तुमच्यामुळे बरं जमलं.”

त्या संध्याकाळी ताई जेवल्या नाहीत. नवऱ्यानं विचारलं, “निघालं का पाण्यात काही?” त्या “निघालं” म्हणाल्या. तो म्हणाला, “मग सुटलो की. वेळेवर बंद केलंस.” ताई उठून भांडी घासायला गेल्या. भांडी मुलीनं आधीच घासली होती. त्यांनी परत घासली.

बुधवारी दारातूनच त्या सरळ मॅडमच्या खोलीत गेल्या आणि बसायच्या आधी बोलल्या. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला आणि चष्मा काढला.

“आणखी कोणाला बोललात?”

“नाही.”

“मग असं करू. पुढच्या महिन्यापासून नवा दाता. गिरणीवाल्याची काहीतरी निमित्त काढून बदली करून टाकू. मागचं उकरून आता काय साधणार?”

“मागच्या चिठ्ठ्यांवर माझी सही आहे, मॅडम.”

“म्हणूनच म्हणतेय. तुमच्याच भल्याचं आहे.”

दोन दिवस ताई जे मनाशी बोलत होत्या, तेच आता दुसऱ्याच्या तोंडून, नीट इस्त्री करून त्यांना ऐकू आलं. ऐकताना त्यांना किळस आली आणि त्यानं काम सोपं झालं. “दुरुस्त चिठ्ठ्या आत्ताच छापते,” त्या म्हणाल्या. “आज वाटते. काकांचा फॉर्म मला परत द्या. चूक त्यांची नाही. मशीनच्या खोलीत गेल्या आठ महिन्यांत बरोबर मोजणी एकदाच झाली, आणि ती त्यांनी केली.”

मॅडमनी फॉर्म दिला. टेबलावरून सरकवला, हातात नाही.

काका नळ्या धूत होते. ताईंनी फॉर्म त्यांच्यापुढे धरला आणि सांगितलं. विहीर, पाण्याचा रकाना, उणे दोन, सगळं. काकांनी नळ बंद केला.

“काल मी विचारायला आलो तेव्हा माहीत होतं?”

“होतं.”

“‘नजरचूक’ लिहा म्हणालात तेव्हा?”

“हो. अकरा वाजल्यापासून माहीत होतं.”

काकांनी हात पुसले, दोन्ही. डाव्याची थरथर त्यांनी आज लपवली नाही. फॉर्मची घडी घालून ती खिशात ठेवली. फाडली नाही. “बरं, बाई,” ते म्हणाले, आणि पुन्हा नळ सोडला. चार वर्षांत ते ताईंना कधी ‘बाई’ म्हणाले नव्हते.

दीड वाजता ताईंनी खिडकीची काच वर सरकवली. पाळीवर येणाऱ्यांना त्यांनी फाटकावरूनच बोलावणं पाठवलं होतं. पहिला गिरणीवाला.

“काय ताई, या खेपेला माल कमी भरला की काय?”

“तुमचे आकडे चुकीचे दिले होते,” ताई म्हणाल्या. “सात महिने. साडेतीन म्हटलं तिथं साडेपाच होतं. तुम्ही बदली मागितलीत तेव्हाही पाचच्या वरच होतं. माझ्या विहिरीच्या पाण्यात युरेनियम आहे, ते माझ्या अंगात गेलं. आणि माझीच बाटली आम्ही शून्य म्हणून धरत होतो. ते सगळ्यांतून वजा होत गेलं. तुम्ही आज आत जायचं नाही. डॉक्टरांकडे चिठ्ठी गेली आहे.”

गिरणीवाल्यानं कागद घेतला. वाचायला त्याला वेळ लागला, कारण तो प्रत्येक महिन्याच्या आकड्यावर बोट ठेवून, तो महिना कसा गेला ते आठवून पुढे सरकत होता.

“म्हणजे माझ्यातून तुमचं वजा केलंत.”

“हो.”

“आणि मी जिना चढताना मधे बसायचो, तर बायको म्हणायची, नाटकं करता. चिठ्ठीत तर काही नाही.” तो थोडा हसला, ताईंकडे न बघता. मग त्याला काहीतरी सुचलं. “ते पाणी तुमच्या घरचेही पितात?”

“पीत होते. सासूबाई, नवरा, मुलगी.”

“आता बंद केलंत?”

“केलं.”

“कधी?”

ताईंना ‘आज’ म्हणता आलं असतं. तपासायला कोणी त्यांच्या घरी जाणार नव्हतं. मागं रांग जमायला लागली होती आणि रांगेतलं कोणीतरी “काय भानगड आहे?” असं पुढच्याला विचारत होतं.

“परवा संध्याकाळी.”

“परवा संध्याकाळी मी आत होतो,” गिरणीवाला म्हणाला. “काल पण.”

“तेव्हा खात्री नव्हती. नुसता संशय—”

“घरी संशयावर बंद केलंत ना?”

त्यानं आवाज चढवला नव्हता. कोठीतला जाड्या रांगेत चौथा होता, त्यालाही ते धड ऐकू गेलं नसेल. गिरणीवाल्यानं कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात घातली आणि खिडकीपासून बाजूला झाला. पण गेला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत, प्रत्येकाला ताई काय सांगतात ते ऐकायला.

दुसऱ्या माणसानं खिडकीत हात घातला. “माझं काय आहे?”

ताईंनी त्याची चिठ्ठी उचलली आणि पुन्हा सगळं सांगायला घेतलं. या वेळी त्यांनी ‘परवा’पासून सुरुवात केली, घरचं पाणी बंद केलं त्या संध्याकाळपासून.